एका माणसाचं हाऊसफुल्ल

छत्रपती संभाजीनगर शहरातील तमाम नट, नट्या, गायक, तबलजी, चित्रकार, शायर, एकांकिकावाले, बालनाट्यवाले आणि दर दिवाळीला सतार माळ्यावरून काढून पुसून पुन्हा माळ्यावर ठेवणारे हौशी वादक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या शहराचा प्रेक्षकवर्ग गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसात वाजता, दोन बॅगा, एक गुंडाळलेली सतरंजी आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली घेऊन कायमचा पुण्याला गेला आहे. तरी यापुढे ज्यांना प्रयोग करावयाचे असतील त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर करावेत.

हा प्रेक्षकवर्ग म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एवढ्या शहराला एकच प्रेक्षक कसा, असं ज्याला वाटेल त्यानं एखाद्या शनिवारी आमच्याकडच्या हौशी नाटकाला येऊन बघावं. रंगमंचावर बारा जण, पडद्यामागे सात, आणि समोर मामा. नटांचे नातेवाईक असतात, नाही असं नाही. पण ते प्रेक्षक नव्हेत, ते पोचवायला आलेले असतात. पहिल्या अंकात पोस्टमन पत्र देऊन गेला की पोस्टमनची आई, बायको, दोन मेहुण्या आणि वाळूजहून मुद्दाम आलेला चुलता, अशी अख्खी रांग उठून निघून जाते. एकदा एका नाटकात चौथ्याच प्रवेशात खून झाला आणि मेलेल्या माणसाचं घराणं बाहेर पडल्यावर हॉलमध्ये मामा आणि पंखे एवढंच उरलं. तो नट नंतर मामांना म्हणाला, "मामा, मी मरून पडलो होतो तरी मला चपलांचा आवाज ऐकू येत होता हो." मामा म्हणाले, "मग तुम्ही लई चांगले मेलात. एकदाही डोळा उघडला नाही."

मामा टेलिफोन खात्यात होते. जुन्या एक्स्चेंजमध्ये, जिथं कानाला यंत्र लावून इकडची वायर तिकडं खुपसावी लागे, त्या काळातले. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी पिशोरचं पुण्याला आणि पैठणचं परभणीला जोडून दिलं, आणि दोन्ही बाजूंचं बोलणं सुरू झालं की आपण बाजूला झाले. मला वाटतं, त्यांचा सगळा स्वभाव तिथंच घडला. दुसरे बोलत असताना मध्ये पडायचं नाही, पण लाइन तुटू द्यायची नाही. स्वतः ते कधी गायले नाहीत, कधी तोंडाला रंग लावला नाही, आणि चित्रकलेचं म्हणाल तर सत्यनारायणाच्या चौरंगाभोवती चार रेघा ओढायचं काम एकदा त्यांच्याकडं आलं, तेव्हा भटजींनीच हात जोडले. याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. "ज्याला काहीच येत नाही त्यालाच नीट दिसतं, जावईबापू," असं ते मला सांगत. भाचीचा नवरा म्हणून मी त्यांचा जावईबापू. बाकी शहराचे ते नुसते मामा.

मामांचं सगळ्यात मोठं कसब म्हणजे एकट्यानं हॉल भरणं. पहिल्या प्रवेशाला ते डाव्या कोपऱ्यात बसत आणि तिथून एकदा मोकळं, खळखळून हसत. प्रवेश संपून अंधार झाला की चपला हातात घेऊन, वाकून, मधल्या रांगेत. तिथलं हसू वेगळं. दाबलेलं, शेजारी सासू बसल्यासारखं. दुसऱ्या अंकाला बाल्कनीत जाऊन वरून "वा!" म्हणायचे, तेही खास पेन्शनरी आवाजात. करुण प्रसंगाला शेवटच्या रांगेत जाऊन नाक शिंकरायचे. मी एकदा म्हणालो, "मामा, नट काय आंधळे असतात का?" तर म्हणाले, "अहो, दिव्यात उभं राहिलेल्या माणसाला अंधारातलं माणूस दिसत नसतं. हसू कुठून आलं तेवढं कळतं. चार बाजूंनी आलं की त्याला वाटतं, गाव लोटलंय." एका विनोदी नाटकाच्या मध्यंतरात मुख्य नट आनंदानं घामाघूम होऊन पडद्याच्या फटीतून डोकावला, तर समोर मामा एकटेच खडीसाखर चघळत बसलेले. तो बिचारा पांढराफटक पडला. "मामा, बाकीचे कुठं गेले?" मामा शांतपणे म्हणाले, "चहाला गेलेत. येतील." आणि खरोखरच दुसऱ्या अंकात ते सगळे परत आले.

मामी होत्या तोवर त्यांचा यावर वेगळा अभिप्राय असे. "तीस वर्षं मी या घरात बोलतेय, मला कधी कोपऱ्यातनंसुद्धा वा म्हटलं नाही." मामांच्या मनाला ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी मामी तावातावानं भाजीवाल्याची तक्रार सांगत असताना मामांनी बरोबर जागा हेरून टाळी वाजवली. मामींनी दोन दिवस अबोला धरला. तो अबोला फार संयत होता, असं मामा पुढं कितीतरी वर्षं सांगत.

अर्थात एकट्यानं हॉल भरणं हा शेवटचा उपाय. त्याआधी ते माणसं जमवायचा प्रामाणिक प्रयत्न करत. प्रयोगाच्या दोन तास आधी औरंगपुऱ्याच्या बाजारात उभे राहायचे आणि ओळखीचा चेहरा दिसला की हात धरायचे. पोरांच्या वह्या घ्यायला आलेला बाप, चष्म्याची काडी बसवायला आलेला कारकून, लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं एक अख्खं कुटुंब, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी नाटकाला नेऊन बसवलं होतं. मामा येताना दिसले की एक साडीवाला अर्धं शटर खाली ओढून घेत असे. मामांच्या गावाकडचे एक चुलतभाऊ, पिशोरचे, डोळे तपासायला शहरात आले होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून दोन तास नुसतं बसायला सांगितलं. मामा म्हणाले, "बसायचंच आहे तर प्रदर्शनात बसू." चित्रांचं प्रदर्शन होतं, सगळी चित्रं पिवळी, करडी, त्यात आडवेतिडवे पट्टे. चित्रकार तीन दिवसांपासून एका टेबलामागे, समोर अभिप्रायाची कोरी वही उघडून बसला होता. चुलतभाऊ डोळे चोळत एका चित्रापुढं थांबले ते हलेचनात.

"ह्यो बांध लई वाकडा गेलाय," ते म्हणाले.

"अण्णा, हे चित्र आहे," मामा कुजबुजले.

"व्हय, पर बांध वाकडाय. इथं भांडण होणार बघ."

चित्रकार टेबलामागून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी. वेरूळच्या पलीकडं त्याच्या वडिलांचं आणि काकांचं शेत होतं, मधल्या बांधावरून घर फुटलं होतं, आणि ते त्यानं रंगवलंय हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं ते चित्र तिथल्या तिथं भिंतीवरून काढून अण्णांच्या हातात दिलं. अण्णा दोन पावलं मागं सरकले. "नाय बा. घरात भांडण कशाला नेऊ?"

मामांना नाटकाला सोडणारा रिक्षावालासुद्धा सुटत नसे. एक जण "चाचा, मेरी सवारी जाती ना," म्हणत असताना मामांनी त्याला आत नेऊन बसवलं, तो शेवटपर्यंत बसला, आणि बाहेर आल्यावर रिक्षाला किक मारायच्या आधी म्हणाला, "सब अच्छा था चाचा, पन वो बुड्ढे को कायकू मारे? वोइच तो एक अच्छा आदमी था." दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दिग्दर्शकाला कळवलं की प्रेक्षकांतून एक सूचना आली आहे. पुढच्या प्रयोगात म्हातारा जगला. नाटक वीस मिनिटं लांबलं, शोकांतिकेचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण त्या प्रयोगाला तीन रिक्षा बाहेर उभ्या होत्या.

हे कळवणं फोनवरून, सकाळी सात वाजता. मामांना खोटं बोलता येत नसे आणि कुणाला दुखवताही येत नसे. या दोन अडचणींतून वाट काढत त्यांनी एक भाषा तयार केली होती. "पुन्हा बघीन" म्हणाले की उत्तम. "आवाज शेवटपर्यंत आला" म्हणाले की ठीक. आणि "मेहनत दिसली" म्हणाले की त्या घरात दुपारी कुणी जेवत नसे. एका गायकानं "मेहनत दिसली" ऐकल्यावर तीन महिने दार लावून रियाझ केला, पुन्हा गायला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फोनपाशी बसून राहिला. सातला फोन आला. मामा म्हणाले, "काल दिसली नाही." तो पन्नाशीचा माणूस रिसिव्हर छातीशी धरून बसला होता, असं त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं.

आता, आमच्या शहराचं कलेवर प्रेम नाही असा कृपया कुणी समज करून घेऊ नये. प्रेम आहे, फार आहे. फक्त ते शालीच्या रूपात आहे. आम्ही गाणं ऐकायला जाणार नाही, पण गाणारा साठीचा झाला की त्याला शाल, श्रीफळ आणि वरच्या बाजूला घड्याळ बसवलेलं मानचिन्ह देताना आमचा हात कधी आखडत नाही. आमच्या गल्लीतल्या एका बासरीवाल्याकडं इतक्या शाली झाल्या की त्यांनी त्यांच्या उशा शिवल्या, खिडक्यांना पडदे केले, आणि एका थंडीत दारच्या कुत्र्याच्या अंगावरही भरजरी काठ दिसला. नवीन बासरी मात्र त्यांना कुणी दिली नाही, कारण बासरी व्यासपीठावरून पांघरता येत नाही. मामा प्रत्येक सत्काराला जात, पण चेहरा पाडून. "चांगला वाजवत होता हो," परतताना म्हणत, "सत्कार करून टाकला त्याचा."

इथं मला स्वतःविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे, आणि ते मी टाळत आलो आहे हे चतुर वाचकांच्या लक्षात आलंच असेल. वीस वर्षं मामा मला बोलावत होते. दर शुक्रवारी फोन: "जावईबापू, उद्या साडेसहाला. येताय ना?" मी ठामपणे येतो म्हणायचो आणि शनिवारी दुपारी माझं काहीतरी दुखायला लागायचं. बायको म्हणायची, "तुमच्या पोटाला बरोबर शनिवार सापडतो." मामांनी एकदाही टोमणा मारला नाही. उलट रविवारी फोन करून पोट कसं आहे विचारायचे, आणि मग अर्धा तास ते नाटक असं रंगवून सांगायचे की मला वाटायचं, पाहिलंच की आपण. आता जायची गरज काय? वर मांडलेले किस्से मी ज्या थाटात सांगितले त्यावरून मी तिथं हजर होतो असं तुम्हाला वाटलं असेल. त्यातले निम्मे मी माझ्या सोफ्यावर बसून फोनवर ऐकलेले आहेत.

तर ऋतुजाची गोष्ट. ही मुलगी सात वर्षांची असताना एका बालनाट्यात झाड झाली होती. झाडाला वाक्य नसतं. सव्वा तास हात वर करून उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या घरी फोन वाजला, आणि मामांनी तिच्या वडिलांना सांगितलं, "झाडाला द्या." झाड फोनवर आलं. मामा म्हणाले, "बाळ, काल वारा नव्हता आणि तू हलली नाहीस. पुन्हा बघीन." त्या एका वाक्यावर ती मुलगी पुढची वीस वर्षं नाटकात उभी राहिली. आता ती एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि संध्याकाळी वाळूजच्या कारखान्यांतली चार पोरं, एक नर्स आणि एक विमा एजंट जमवून तालमी घेते. यंदा तिनं पहिल्यांदा स्वतः लिहिलेलं दोन अंकी नाटक बसवलं. मामांना तिनं तालमीला येण्याचा खूप आग्रह केला. मामांनी साफ नकार दिला. "भात शिजत असताना झाकण काढू नये. मी प्रयोगालाच येणार."

नेमकं त्याच सुमारास मामा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण पुण्याचा मुलगा धावत आला आणि त्यानं जाहीर केलं की आता इथं एकटं राहायचं नाही. मामा वाद घालणारे नव्हेत. त्यांनी घर आवरायला होकार दिला, भांडी वाटायला होकार दिला, आणि फक्त एक आठवडा मागून घेतला. मुलानं विचारलं, कशाला? "झाडाचं नाटक आहे शनिवारी," मामा म्हणाले. "ते बघतो आणि रविवारी सकाळी निघू." मुलाला काही कळलं नाही, पण त्यानं बायकोला फोन करून रविवार ठरवला. त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा मामा रिकाम्या होत चाललेल्या घरात स्टुलावर बसून एकच गोष्ट पुनःपुन्हा बोलत होते. "स्वतः लिहिलंय म्हणे. काय लिहिलं असेल हो? मी कुणाला विचारत नाही. तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका."

आणि इथं, मंडळी, मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत वाईट कल्पना होती, आणि ती मला सर्वांत प्रेमानं सुचली. औरंगपुऱ्यात चहा पिताना मी चौघांना म्हणालो, "मामा चाललेत. शहरानं त्यांचं काहीतरी करायला हवं." चहा संपायच्या आत सत्कार समिती झाली होती. नाट्यवाले, संगीतवाले, मुशायरेवाले, चित्रकार, वाचनालयवाले, ज्यांची एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलाचाल नव्हती ते सगळे एका टेबलाशी आले. काही जण तर सद्गदित होते. मीच निमंत्रक. प्रश्न फक्त हॉलचा होता. हॉलच्या तारखा थेट दिवाळीनंतरच्या. मामा जाणार रविवारी. मधे एकच संध्याकाळ, शनिवारची, आणि ती ऋतुजाच्या नाटकाची.

मी तिला फोन केला. पलीकडून मुलांचा गलका येत होता, तिचा क्लास सुरू असावा. सगळं ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामांसाठी ना, काका? घ्या तारीख. आम्ही करू पुढं कधीतरी." ती गप्प राहिली तेवढा वेळ मी नीट ऐकायला हवा होता. मी फक्त "घ्या" ऐकलं. आणि शपथेवर सांगतो, शहरातल्या अठरा संस्थांच्या अनुभवी, जाणत्या, केस पिकलेल्या पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही हे सुचलं नाही की ज्या माणसाचा आपण सन्मान करतोय, त्याची शहरातली उरलेली एकुलती एक इच्छा आपण हॉलबरोबर आरक्षित करून टाकली आहे. आम्ही हारांच्या लांबीवर चर्चा करत होतो.

मामांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी मी वीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "चला मामा, नाटकाला." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. "तुमचं पोट बरं आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. इस्त्रीचा सदरा घालून ते दुपारपासून तयार होते. रिक्षात वाटभर माझा हात धरून बोलत होते. पहिल्या अंकाला मी उजवीकडं बसायचं, ते डावीकडं बसतील. आज दोघं आहोत, तर हॉल भरायला त्रास नाही.

हॉलच्या मागच्या दारानं आत नेताना ते थबकले. "इकडून नको हो. विंगेतून गेलं की नट दिसतात, नाटक दिसत नाही." मी म्हणालो, "आज गर्दी आहे मामा, इकडूनच जाऊ." आणि पडदा बाजूला करून मी त्यांना थेट व्यासपीठावर आणलं. दिवे लागले, सनई वाजली, रेकॉर्डवरची, आणि निवेदक गरजला.

अठरा संस्था, प्रत्येकीचा अध्यक्ष आणि सचिव, शिवाय मी. सदतीस खुर्च्या व्यासपीठावर दोन रांगांत लावल्या होत्या. एकही अध्यक्ष खाली बसायला तयार नव्हता. आणि हॉलमध्ये? आमच्या शहरात कार्यक्रमाला जी माणसं येतात ती सगळी वर बसली होती. खाली माझी बायको, तिच्या दोन बहिणी, मामांचा मुलगा, आणि खुर्च्या परत न्यायला आलेले मंडपवाले दोघं. बाकी लाल खुर्च्या, शेवटच्या भिंतीपर्यंत. सत्कार असल्यामुळं हॉलमधले दिवे चालूच होते. मामा मधल्या सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून त्या रिकाम्या रांगांकडं पाहत होते. इतकी वर्षं त्यांनी कष्टानं जे नटांपासून लपवलं, ते आम्ही त्यांना लख्ख उजेडात, पुढून दाखवत होतो.

भाषणं सुरू झाली. प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच: मामा नसते तर आमची संस्था नसती. प्रत्येकानं एक शाल घातली. सातव्या शालीनंतर मामांची फक्त मान दिसत होती. दहाव्या भाषणाच्या सुमारास ते माझ्याकडं झुकले. "जावईबापू, नाटक किती वाजता सुरू होणार?"

"मामा, आज हाच कार्यक्रम आहे."

"हो हो. हा झाल्यावर म्हणतोय मी."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं, जिथं ऋतुजा पुष्पगुच्छांचं तबक हातात घेऊन उभी होती. तिला आम्ही त्या कामाला लावलं होतं. तिची पोरं, वाळूजची, विंगेतल्या खांबाला टेकून बसली होती. दुसऱ्या पाळीची रजा काढून आली होती बिचारी, नाटकासाठी काढलेली.

"तारीख एकच होती," मी पुटपुटलो. "तिनंच दिली. तुमच्यासाठी."

मग निवेदकानं त्यांना सत्काराला उत्तर देण्याची विनंती केली. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागलो. खालून सहा जणांच्या, वरून सदतीस. मामा उठले. माइकशी गेले नाहीत. एकेक शाल काढून, नीट चौघडी करून, त्यांनी ती खुर्चीवर रचली. नंतर कडेच्या पायऱ्यांकडं निघाले. मी हात द्यायला धावलो; त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला, कठडा धरला आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत खाली उतरले. समोर जी पहिली रिकामी खुर्ची आली तीत बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि मान वर करून आमच्याकडं पाहिलं.

रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर आम्ही सुटलो असतो. कुणी अंगठ्यानं कपाळाला कुंकू लावताना माणूस जसा जरासा पुढं होतो तसे ते पुढं झाले होते, हात मांडीवर, ओठ किंचित उघडे. आता होईल, आता सुरू होईल, अशा चेहऱ्यानं. हा चेहरा या शहरातल्या प्रत्येक कलावंतानं कधी ना कधी समोरून मिळवलेला होता. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि तो माझ्याकडं वळला होता, आणि माझ्या हातात हार होता. निवेदकानं कागद उलटा करून पाहिला. एका अध्यक्षांच्या टाळ्या तेवढ्या चालू होत्या, त्याही थांबल्या. सदतीस माणसं फुलं घेऊन रांगेत उभी होती आणि समोर एक माणूस आमच्याकडं बघत बसला होता.

तेवढ्यात मागून तबक खाली ठेवल्याचा आवाज झाला. ऋतुजा अध्यक्षांना कोपरानं सारत पुढं आली, व्यासपीठाच्या अगदी कडेला, आणि सगळ्यांच्या देखत, रडवेल्या, मोठ्या आवाजात बोलून गेली:

"मामा, आज दाखवायला आमच्याकडं काहीच नाही हो!"